पाच रुपयांच्या पेपरचे उरलेले पैसे कोण भरतं?

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारनं परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भात दसऱ्याच्या आगेमागे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होते आणि वेचणी लागते. म्हणजे इकडे नवा कापूस घरात यायला आणि तिकडे बाहेरचा कापूस बिनशुल्क बंदरात उतरायला एकच वेळ.

या एका घटनेची बातमी दोन तऱ्हांनी देता येते. 'वस्त्रोद्योगाला दिलासा' ही एक. 'ऐन हंगामात कापसाच्या भावाला धक्का' ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क जाहीर केल्यानं कापड निर्यातदार खरोखर अडचणीत होते. आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर असला तरी खासगी व्यापारी किती देईल, ही शेतकऱ्याची धास्तीही खरी होती. पहिल्या पानावर कोणता मथळा जाईल आणि सातव्या पानावर कोणता, हे मात्र कोणीतरी ठरवतं.

ते ठरवणाऱ्यावर मालकाचं वजन किती, आणि मालक देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी असला तर काय बदलतं, एवढं समजून घेऊ. या विषयावर दोन्ही बाजूंनी आरडाओरडा भरपूर होतो, पण पैसा कुठून कुठे जातो हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून सुरुवात पैशापासून.

## पेपर इतक्या स्वस्तात परवडतो कसा?

परवडत नाही. कागद, शाई, छपाई, मध्यरात्री निघणारी पार्सलची गाडी, एजंटाचं कमिशन, पोऱ्याची सायकल, हा खर्च वाचकाच्या पाच-सहा रुपयांत भागत नाही. फरक जाहिरात भरून काढते. म्हणजे पेपरची गिऱ्हाइकं दोन. तुम्ही पेपर विकत घेता, आणि जाहिरातदार तुमचं लक्ष विकत घेतो. जास्त पैसे दुसरा देतो.

शहरात हा दुसरा म्हणजे बिल्डर, सराफ, कोचिंग क्लास. तालुक्याला चित्र वेगळं. जूनमध्ये बियाण्याच्या आणि औषधांच्या कंपन्या, वर्षभर शिक्षण संस्था आणि पतसंस्था, अधूनमधून पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि सगळ्यांच्या वर सरकार. निविदा, नोटिसा, योजनांचा प्रचार अशा सरकारी जाहिराती राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून आणि केंद्रात केंद्रीय संचार ब्युरोकडून जातात. छोट्या जिल्हा दैनिकाचं त्या यादीवर नाव असणं-नसणं म्हणजे छापखाना चालू राहणं किंवा बंद पडणं.

आता तालुक्याच्या वार्ताहराकडे या. बहुतेकांना पगार नसतो. मानधन असलं तर नावापुरतं. पेपरची एजन्सी पुष्कळदा त्याच्याच किंवा भावाच्या नावावर असते, आणि त्याचं खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्टची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, आमदारसाहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी, प्रत्येकीचं टार्गेट वरून येतं. दुपारी ज्या संस्थाचालकाकडे, ज्या सभापतीकडे, ज्या ठेकेदाराकडे तो पावतीबुक घेऊन बसतो, संध्याकाळी त्याच ठेकेदाराच्या उखडलेल्या रस्त्याची बातमी त्यानं लिहायची असते. 'पाठवली होती भाऊ, पण लागली नाही,' हे वाक्य विदर्भातल्या प्रत्येक गावानं ऐकलेलं आहे. कधी ती खरंच डेस्कवर अडकते. कधी ती निघालेलीच नसते.

मला या माणसाचा राग येत नाही. पाच-सहा रुपयांत आपल्याला पेपर हवा असतो आणि त्यात निर्भय वार्ताहरही फुकटात हवा असतो. हिशेब असा जमत नाही.

हीच व्यवस्था निवडणुकीत किती वाकते, ते २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'च्या प्रकरणात उघड झालं. पैसे घेऊन छापलेली, पण जाहिरात असल्याचं न सांगता बातमी म्हणून दिलेली मजकुराची पानं, असा त्याचा अर्थ. वेगवेगळ्या पेपरांत एकाच उमेदवाराच्या स्तुतीचा शब्द न् शब्द तोच मजकूर सापडला, तेव्हा प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली. यात कुठेही अब्जाधीश नव्हता. बातमी वाकवायला अब्जाधीशच लागतो असं नाही, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

## मग अब्जाधीश आला की वेगळं काय होतं?

खेडा खरेदी आठवा. व्यापारी गावात गाडी घेऊन येतो, काटाही त्याचाच असतो. कदाचित तो अगदी सरळ माणूस असेल, ग्रॅमभरही मारत नसेल. तरी पोत्यामागून शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. कारण माल घेणारा आणि वजन सांगणारा एकच आहे. बाजार समितीत काटा, माप आणि हमाल वेगळे ठेवायचा नियम आला तो याच अनुभवातून.

बातमी हे वजन सांगण्याचं काम आहे. सरकारनं काय केलं, कंपनीनं काय केलं, कोणाची जमीन गेली, कोणाला कंत्राट मिळालं, याचं माप ती सांगते. ज्याचा धंदा फक्त बातमीचा आहे त्याचं हित मापात असतं. निदान विश्वास गेला तर खप जाईल ही भीती तरी असते. पण ज्याची वीज आहे, सिमेंट आहे, बंदरं आहेत, टेलिफोन आहे, खाणी आहेत, त्याच्यासाठी चॅनेल ही त्या पसाऱ्यातली एक छोटी खोली. तिथे तोटा झाला तरी चालतो. खाणीचा परवाना अडला तर चालत नाही. आणि परवाने, लिलाव, शुल्क, वीजदर हे सगळं सरकारच्या हातात.

याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. फसवणूक झालीच, असा त्याचा अर्थ नाही. फसवणूक झाली तर ती आपल्याला कळायची सोय राहिली नाही, एवढाच आहे.

## आपल्या घरात दिसणारं चॅनेल कोणाचं?

रिलायन्सनं २०१२ मध्ये एका ट्रस्टमार्फत नेटवर्क१८ ला पैसा पुरवला आणि २०१४ मध्ये पूर्ण ताबा घेतला. 'न्यूज१८ लोकमत' हे त्या समूहाचं आणि लोकमतचं भागीदारीतलं चॅनेल. हातातलं सिमकार्ड बहुधा जिओचं. डेन आणि हॅथवे या मोठ्या केबल कंपन्यांमध्येही २०१८ पासून रिलायन्सचाच मोठा वाटा. बातमीही त्यांची, आणि ती घरापर्यंत आणणारी तारही त्यांची.

अदानी समूहानं २०२२ मध्ये एनडीटीव्ही घेतलं, २०२३ मध्ये आयएएनएस या वृत्तसंस्थेत ५०.५ टक्के वाटा घेतला. १ मे २०२४ ला 'एनडीटीव्ही मराठी' सुरू झालं. याच समूहाचा गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. चंद्रपूर जिल्ह्यातला घुग्घुसचा एसीसीचा आणि उपरवाहीचा अंबुजाचा, असे दोन्ही सिमेंट कारखाने २०२२ मध्येच त्यांच्याकडे आले. म्हणजे घुग्घुसच्या घरावर बसणारी धूळ आणि त्या घरातल्या टीव्हीवरचं एक मराठी चॅनेल, दोन्हींचा मालक एकच. चॅनेल त्या धुळीबद्दल खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. काटा कोणाचा आहे, तेवढं सांगतो आहे.

बाकीचंही पाहून घ्या. 'झी २४ तास'चे सुभाष चंद्रा २०१६ ते २०२२ राज्यसभेत होते. 'सकाळ' आणि 'साम' पवार कुटुंबाच्या एका शाखेकडे. यवतमाळातून उभ्या राहिलेल्या 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातले जवाहरलाल दर्डा राज्यात मंत्री होते, विजय दर्डा राज्यसभेत. 'एबीपी माझा' कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाचं. त्यांचा मूळ धंदा छपाईचा आणि बातमीचाच. मराठीत राजकारणी घराण्याचा पेपर ही जुनी गोष्ट आहे, आणि वाचकाला ती ठाऊक असते. तो तेवढी वजावट करून वाचतो. सिमेंट आणि कोळशाची वजावट करायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

## एनडीटीव्ही हातातून गेलं कसं?

हा भाग शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण गोष्ट कर्जाची आहे. संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय यांच्या कंपनीनं २००९ मध्ये एका फारशा माहीत नसलेल्या कंपनीकडून चारशे कोटींहून थोडं जास्त बिनव्याजी कर्ज घेतलं. बदल्यात वॉरंट दिले. वॉरंट म्हणजे 'पुढे वाटेल तेव्हा याचे शेअर करून घेईन' असा लेखी हक्क. ते कर्ज तेरा वर्षं तसंच पडून राहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहानं कर्ज देणारी ती कंपनीच विकत घेतली आणि वॉरंटचा हक्क बजावला. त्यातून एनडीटीव्हीचा २९.१८ टक्के वाटा हाती येत होता. आपल्याला न विचारता हे झालं, असं संस्थापकांनी तेव्हा सांगितलं.

नियमाप्रमाणे एवढा वाटा घेणाऱ्यानं बाकीच्या भागधारकांचे शेअरही विकत घ्यायची तयारी दाखवावी लागते. ती दाखवली. डिसेंबरअखेर रॉय दाम्पत्यानंही बहुतेक हिस्सा विकला आणि अदानींकडे ६४ टक्क्यांहून अधिक वाटा झाला. त्याआधी, ३० नोव्हेंबरला, एनडीटीव्हीचे नावाजलेले पत्रकार रवीश कुमार राजीनामा देऊन बाहेर पडले होते. सगळं कागदोपत्री, कायद्यात बसून. 'हा बातमीचा धंदा आहे, जरा थांबा' असं कुठल्या मंत्रालयानं म्हटलं नाही.

## मालक रोज फोन करून बातमी अडवतो का?

क्वचित. रोज फोन करायची गरजही नसते. संपादक कोण, पगार कोणाचा वाढला, कोणाची बदली झाली, एवढं पाहून न्यूजरूमला वारं कळतं. मग बातमीदार स्वतःच ठरवतो की हा विषय नको. म्हणून मालकाचा प्रभाव खोट्या बातमीत शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो न आलेल्या बातमीत असतो, आणि न आलेली बातमी वाचकाला दिसत नाही.

फोन गेल्याचं उदाहरण दुर्मीळ असलं तरी अमेरिकेत ते सापडतं. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' २५ कोटी डॉलरला घेतला. पहिली काही वर्षं त्यांनी पैसा ओतला, बातमीदार वाढवले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला अकरा दिवस असताना, पेपर यंदा कोणालाच पाठिंबा देणार नाही असं जाहीर झालं. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख तयार होता. दोन लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी बंद केली. निर्णय जाहीर झाला त्याच दिवशी बेझोस यांच्या रॉकेट कंपनीचे अधिकारी ट्रम्प यांना भेटले होते. या कंपनीकडे सरकारी कंत्राटं आहेत. दोन्हींचा काही संबंध नाही, भेटीची आपल्याला आधी कल्पनाही नव्हती, असं बेझोस यांनी लिहिलं. त्याच लेखात त्यांनी कबूल केलं की हितसंबंधांच्या दृष्टीनं आपण पेपरचे आदर्श मालक नाही.

ते खरं बोलत असतील. पण खरं-खोटं ठरवायला वाचकाकडे साधन काय?

## 'पेपर तर पहिल्यापासून शेठजींचेच होते!'

होते. स्वातंत्र्यानंतर देशातल्या मोठ्या पेपरांना 'जूट प्रेस' म्हणून हिणवलं जायचं, कारण मालक ताग गिरण्यांचे आणि इतर कारखान्यांचे. रामनाथ गोएंकाही उद्योगपतीच. पण आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ ला त्यांच्या 'इंडियन एक्सप्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. म्हणजे श्रीमंत मालक धीटही असू शकतो. गरीब मालकाला नुसती सरकारी जाहिरात थांबवून नमवता येतं, श्रीमंताला थोडं सहन करता येतं, हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

फरक आकाराचा आहे. गिरणीमालकाचं भलंबुरं एका-दोन मंत्रालयांवर अवलंबून असायचं. आजच्या मोठ्या समूहाचे धंदे विजेपासून विमानतळापर्यंत पसरलेत, त्यामुळे सरकारच्या जवळपास प्रत्येक निर्णयात त्याचा काही ना काही पैसा गुंतलेला असतो. तेव्हा तो ज्या विषयावर निःपक्ष राहू शकेल असे विषय उरतात तरी किती? क्रिकेट, हवामान. हवामानातही औष्णिक विजेचा धूर आडवा येतो.

## 'आम्ही पेपर वाचतच नाही, मोबाईलवर पाहतो'

खेड्यात आता हेच खरं. पारावर पेपर एक येतो, मोबाईल घरोघरी. रवीश कुमारांसारखे लोक यूट्यूबवर गेले आणि प्रेक्षक त्यांच्यामागे गेले, हा मोठाच दिलासा. जिल्ह्याजिल्ह्यात हातात माईक घेऊन फिरणारी पोर्टलवाली पोरं दिसतात. त्यांच्यातली काही फार चांगलं काम करतात, काही नुसता माईक दाखवून वसुली करतात.

पण यूट्यूब गूगलचं. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही मेटाचे. ट्विटर इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला घेतलं आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यावरूनच ट्रम्प यांचा उघड प्रचार केला. कोणता व्हिडिओ तुमच्यापुढे यावा हे ठरवणारा हिशेब या कंपन्यांच्या हातात. तिथे संपादकाचं नावही छापलेलं नसतं. शिवाय ही पोर्टलं बातमीचा कच्चा माल अजून बहुतांशी पेपर आणि वृत्तसंस्थांकडूनच उचलतात.

## मग सरकारनं कायदा करावा की

इथे गाडी तीनदा अडली आहे. पहिल्या प्रेस आयोगानं १९५४ च्या अहवालात मोठ्या पेपरांची मक्तेदारी रोखायला किती पानांना किती किंमत हे ठरवून द्यावं, असं सुचवलं. १९५६ मध्ये तसा कायदा झाला. त्याला न्यायालयात कोणी आव्हान दिलं? पुण्याच्या 'सकाळ'नं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, कारण पानं आणि किंमत सरकारच्या हातात देणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला. निकाल योग्यच होता, असं मला वाटतं. आज मोठ्यांना आवरायला दिलेला लगाम उद्या टीका करणाऱ्याच्या तोंडात बसतो.

दुसऱ्या प्रेस आयोगानं १९८२ मध्ये पेपर आणि इतर उद्योग यांची फारकत करावी असं सांगितलं. झाली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायनं ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीबद्दल पुन्हा शिफारशी केल्या. उद्योगसमूहांच्या माध्यमांतल्या मालकीवर निर्बंधांचा गंभीर विचार करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याही कागदावरच राहिल्या.

आज नियम आहेत ते असे. परदेशी मालकाला छापील आणि डिजिटल बातम्यांत २६ टक्के, टीव्ही बातम्यांत ४९ टक्क्यांपर्यंतच वाटा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या ऐकवाव्या लागतात. आणि एकाच देशी समूहानं चॅनेल, पेपर, वृत्तसंस्था, केबल आणि वर वीज-सिमेंट असं किती गोळा करावं, याला मर्यादा नाही. प्रेस कौन्सिल दोषी पेपरला समज देऊ शकते. दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेतच नाही.

## याचा आपल्या गावाशी संबंध काय?

२००६ मध्ये, विदर्भात कापूस उत्पादकांच्या आत्महत्या शिगेला असताना, मुंबईतल्या एका फॅशन वीकला ५१२ अधिकृत पत्रकार होते. तिथे सुती कपड्यांचं प्रदर्शन होतं. बाहेरून विदर्भात येऊन त्या आत्महत्यांचं वार्तांकन करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी हा हिशेब वारंवार मांडला आहे. तेव्हा कोणी बंदी घातली नव्हती. जाहिरातदाराला फॅशनचा वाचक हवा होता, कर्जबाजारी शेतकरी नको होता.

दुसरा संबंध थेट कायद्यातला. खाण किंवा मोठा प्रकल्प यायचा असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते, आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. म्हणजे गावकऱ्याला आपला हक्क कळण्याचा रस्ताच पेपरमधून जातो. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात गोंडखैरीच्या कोळसा खाणीसाठी अशी जनसुनावणी झाली, गावकऱ्यांनी विरोध केला. खाण अदानी समूहाची. नोटीस छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. खाणीनं विहिरींचं पाणी किती खाली जाईल, हे शोधून छापणं कोणावरही सक्तीचं नाही. ते बातमीदारानं करायचं असतं, आणि तो कोणाच्या पगारावर आहे हा प्रश्न तिथे गावाच्या पाण्याला येऊन भिडतो.

मालक शोधायचा असेल तर पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला, भिंग लावून वाचावी अशी ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक. तिथे व्यक्तीऐवजी कंपनीचं नाव असेल तर कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक सापडतात. ट्रस्ट असेल, किंवा कंपनीच्या पोटात दुसरी कंपनी असेल, तर तो माग तिथेच तुटतो. एनडीटीव्हीच्या कर्जामागे कोण आहे, हे वाचकांना कळायला अशानंच वर्षं गेली.